नागपूरची १९४२ सालची दलित महिला परिषद व तिची पूर्वपीठिका

(१)

इतिहाससाधनांचा विषय निघाला कीं संशोधकवर्गाच्या डोळ्यांपुढें प्रथम दप्तरांचे रुमाल उभे राहतात. मोडी पत्रें, सनदा, महजर, ताम्रपट, शकावल्या, हीं तर आपलीं परंपरागत साधनें होतच. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीचे कागद मिळविण्यासाठीं संशोधकांनीं जी पायपीट केली तिचें मोल कोणीही कमी लेखणार नाहीं. परंतु कागदाचें मोल त्याच्या वयावरून ठरवावें, हा नियम कांहीं शास्त्रांत सांगितलेला नाहीं. ज्या कागदाची चौकशी करणारा पिढीजात वारस असतो तो तीनशें वर्षें टिकतो. ज्याची चौकशी करणारा कोणी नसतो तो दहा वर्षांत रद्दीवाल्याच्या तराजूंत जातो. प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या प्रकारच्या कागदांशीं निगडित आहे.

स्त्रियांची संघटित चळवळ व समाजाच्या तळापासून घडवून आणावयाची उन्नति हे दोन विषय गेल्या अर्धशतकांत आंतरराष्ट्रीय संस्थांच्या विचारांत अग्रभागीं आले. संयुक्त राष्ट्रसंघानें १९७५ हें आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळलें व त्याच वर्षीं मेक्सिको येथें पहिली जागतिक महिला परिषद भरली. चौथी परिषद १९९५ सालीं बीजिंग येथें झाली. या परिषदांच्या वृत्तांतांवरून पुष्कळांचा असा समज झाला कीं, मजूर स्त्रीनें आपली मागणी आपण मांडावी, विकासाची दिशा तिच्या तोंडून कळावी, हा विचार समुद्रापलीकडून आला आणि आपण तो घेतला. हा समज कितपत खरा आहे, याची परीक्षा नागपुरांतच होण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या परिषदेपूर्वीं ३३ वर्षें या शहरांत एक परिषद भरली व तिनें कांहीं ठराव केले. ते ठराव, त्यांच्या मागील परंपरा व त्यांचें पुढें काय झालें, हें क्रमानें पाहावयाचें आहे.

(२)

जुलै १९४२ हा महिना हिंदुस्थानच्या राजकारणांत गजबजलेला होता. त्या महिन्याच्या १४ तारखेस नागपूरच्या शेजारीं वर्धा येथें काँग्रेसच्या कार्यकारिणीनें इंग्रजांनीं येथून निघून जावें असा ठराव केला. त्यानंतर चारच दिवसांनीं, म्हणजे १८ व १९ जुलै रोजीं, नागपुरास अखिल भारतीय दलित वर्ग परिषद रावबहादुर एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखालीं भरली व तींत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना करण्याचें ठरलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या परिषदेस उपस्थित होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सभासद म्हणून त्यांची नेमणूकही त्याच महिन्यांत झाली.

या परिषदेच्या दुसऱ्या दिवशीं, २० जुलै १९४२ रोजीं, त्याच मांडवांत स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली. अध्यक्षस्थानीं अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. स्वागताची धुरा कीर्तिबाई पाटील यांनीं वाहिली; इंदिराबाई पाटील या चालकांपैकीं होत्या. परिषदेस वीस ते पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या असे त्या वेळचे आंकडे आहेत. मांडवांतील गर्दीचे आंकडे हे अंदाजाचे असतात, मोजदादीचे नसतात, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नको. पानिपतावरील सैन्याचे आंकडे आपण ज्या सावधगिरीनें वापरतों तीच सावधगिरी येथेंही बाळगावी. परंतु आंकडा निम्म्यावर आणला तरी, पावसाळ्याच्या ऐन भरांत, बहुतांशीं निरक्षर व रोजावर जगणाऱ्या हजारों बाया एका दिवसाची मजुरी बुडवून सभेस बसल्या, हा मुख्य मुद्दा अबाधित राहतो.

डॉ. आंबेडकरांनीं या परिषदेपुढें भाषण केलें. समाजाची प्रगति ते त्यांतील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजीत. मुलांमुलींस शिक्षण द्या, त्यांच्या लग्नाची घाई करूं नका, पत्नीनें नवऱ्याची दासी न होता त्याची बरोबरीची मैत्रीण व्हावें, असा त्या भाषणाचा आशय होता. हें भाषण पुष्कळदां छापलें गेलें व तें योग्यच झालें. मात्र त्या भाषणाच्या तेजांत स्त्रियांचे स्वतःचे ठराव झांकोळून गेले. दीप लावावयाचा तो देवघरांत उजेड पडावा म्हणून. आपण दिव्याचें वर्णन करून परत फिरलों, असा हा प्रकार झाला.

(३)

ठराव पाहूं लागलें असतां त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग विवाहाचा. पत्नीस घटस्फोटाचा हक्क कायद्यानें द्यावा व एका पुरुषानें अनेक बायका करण्याची चाल कायद्यानें बंद करावी, अशी मागणी परिषदेनें केली. येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. कष्टकरी जातींत काडीमोड व पाट हे व्यवहार पूर्वापार चालत आलेले होते; पेशवाईच्या दप्तरांत पाटदाम या नांवाची पट्टी नोंदलेली आढळते ती त्याचीच साक्ष होय. मग या स्त्रियांस घटस्फोटाचा ठराव करण्याचें कारण काय? उत्तर असें कीं, रूढीनें दिलेली मोकळीक पंचांच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि पंच हे पुरुष. कौटिलीय अर्थशास्त्रांतही परस्परद्वेषामुळें होणाऱ्या ‘मोक्षा’चा विचार आहे, पण धर्म्य विवाहांस तो मोक्ष ग्रंथकारानें नाकारला आहे. म्हणजे सवलत खालच्यांस, बंधन वरच्यांस, अशी जुनी वांटणी होती. नागपूरच्या ठरावानें सवलतीच्या जागीं हक्क मागितला व तो सर्व स्त्रियांसाठीं मागितला. हिंदु विवाह कायदा १९५५ सालीं झाला. त्यानें एकपत्नीत्व बंधनकारक केलें व घटस्फोटाचा मार्ग खुला केला. ठराव व कायदा यांत १३ वर्षांचें अंतर आहे.

दुसरा वर्ग मजुरीचा. गिरण्या, विडीचे कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांत राबणाऱ्या स्त्रियांस वर्षांतून २१ दिवसांची नैमित्तिक रजा व शिवाय एक महिन्याची हक्काची रजा मिळावी. कामावर इजा झाल्यास पुरेशी भरपाई मिळावी. २० वर्षें नोकरी झाल्यावर दरमहा निदान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावें. आणि गिरण्यांतील बायकांवर देखरेखीस बायकाच नेमाव्या, असें या मागण्यांचें स्वरूप आहे. येथें शब्दालंकार नाहीं; आंकडे आहेत. ‘मजूर स्त्रियांची स्थिति सुधारावी’ असें मोघम वाक्य लिहिणारा वर्ग निराळा, आणि २१ दिवस, २० वर्षें, १५ रुपये असें लिहिणारा वर्ग निराळा. दुसऱ्यानें हजेरीपट स्वतःच्या अंगावर सोसलेला असतो. विशेषतः बायकांवर बाईच मुकादम असावी, या मागणीचा अर्थ ज्यांस गिरणींतील मुकादमीची माहिती आहे त्यांस अधिक फोड न करितां समजेल.

तिसरा वर्ग शिक्षण व प्रतिनिधित्व यांचा. मुलींसाठीं सरकारनें वसतिगृहें काढावीं, आणि विधिमंडळांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दलित स्त्रियांस राखीव जागा असाव्या, असें परिषदेनें मागितलें. स्थानिक संस्थांत स्त्रियांस एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ सालीं मंजूर होऊन १९९३ सालीं अमलांत आली; तींत अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकींही एक तृतीयांश त्या जातींच्या स्त्रियांस मिळाल्या. म्हणजे या मागणीस अर्धें शतक वाट पाहावी लागली. मागणारणींपैकीं पुष्कळींस तें फळ दिसलें नसेल हें उघड आहे.

(४)

अशी परिषद एका रात्रींत उभी राहत नाहीं. तिची पूर्वपीठिका नागपुरांत निदान ३५ वर्षांची आहे.

मोहपा येथें १८७९ सालीं जन्मलेले किसन फागुजी बनसोडे यांनीं १९०७ सालीं नागपुरांत अस्पृश्य मुलींसाठीं शाळा काढली. पुढें त्यांनीं छापखाना घातला व ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ सालीं ‘चोखामेळा’ हीं पत्रें चालविलीं. त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांचा छापखान्याच्या कामांत हात असे. ज्या घरांत बाई खिळे जुळविते त्या घरांतून स्त्रीशिक्षणाचा लेख निघाला तर त्याचें वजन वेगळें असतें.

दुसरें नांव जाईबाई चौधरी यांचें. त्यांचा जन्म १८९२ सालीं उमरेड येथें झाला. आमच्या हुडकेश्वराच्या बाजूनें उमरेडकडे जो रस्ता जातो त्याच रस्त्यानें दुष्काळांत व मंदींत किती कुटुंबें नागपुरास पोट भरावयास आलीं याची गणति नाहीं. जाईबाईंचें कुटुंब त्यांपैकींच एक. लहानपणीं लग्न झालेल्या या बाईंनीं कामठी व नागपूर यांच्या दरम्यान डोक्यावर ओझीं वाहिलीं. एका मिशनरी भगिनीच्या साहाय्यानें त्यांस अक्षरओळख झाली व मिशनच्या शाळेंत दरमहा चार रुपयांवर शिक्षिकेची जागा मिळाली. शिक्षिका अस्पृश्य आहे असें कळतांच पालकांनीं मुलें काढून घेतलीं व जागा गेली. तेव्हां जाईबाईंनीं दुसऱ्या कोणाची शाळा न शोधतां १९२२ सालीं संत चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा स्वतः सुरू केली.

तिसरें नांव राधाबाई कांबळे यांचें. या गिरणीकामगार होत्या. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली तेव्हांपासून नागपूर हें गिरणगांव झालें, आणि गिरण्यांच्या कित्येक खात्यांत स्त्रिया काम करीत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल मजूर कमिशन १९२९ सालीं नेमलें गेलें. त्या कमिशनपुढें राधाबाईंनीं साक्ष दिली. १९४२ च्या ठरावांत रजा, भरपाई व निवृत्तिवेतन यांची जी नेमकी भाषा दिसते तिचें मूळ अशा साक्षींत आहे असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. ज्या समाजाच्या स्त्रिया १९२९ सालीं कमिशनच्या प्रश्नांस उत्तरें देत होत्या, त्या १३ वर्षांनीं स्वतःच प्रश्न विचारूं लागल्या, एवढाच काय तो फरक.

(५)

आतां बाहेरून आलेल्या साहाय्याचा विचार करूं. कारण तें आलेंच नाहीं असें म्हणणें सत्यास सोडून होईल. महाराष्ट्रांत त्याचें ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचें. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १८८७ सालीं रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. परकी द्रव्य घेतलें कीं त्याबरोबर देणाऱ्याची अपेक्षा व घेणाऱ्याच्या शेजाऱ्यांचा संशय, हीं दोन्ही ओझीं येतात. शारदासदनास १८९३ च्या सुमारास जो विरोध झाला त्यांत हा अनुभव पुरेपूर आला.

नागपुरांत डफरिन फंडाचें उदाहरण घ्यावें. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनीं १८८५ सालीं हिंदी स्त्रियांस वैद्यकीय साहाय्य पोंचविण्यासाठीं हा फंड उभारला. नागपूरच्या डफरिन रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेतलेल्या कमलाबाई होस्पेट यांनीं वेणूताई नेने यांच्यासह १९२१ सालीं मातृसेवा संघ स्थापन करून सीताबर्डीस अगदीं थोड्या खाटांचें सूतिकागृह काढलें. विद्या फंडाच्या रुग्णालयांत मिळाली, पण संस्था उभी राहिली ती येथील बाळंतिणींच्या गरजेवर व येथील लोकांच्या वर्गणीवर. साहाय्य बीजाप्रमाणें असावें, मांडवाप्रमाणें नसावें, हें यावरून दिसतें.

आंतरराष्ट्रीय कायद्याचेंही तसेंच. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना १९१९ सालीं स्थापन झाली व त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील पहिल्या बैठकींत प्रसूतिरजेचा करार मंजूर झाला. त्या बैठकीस हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून ना. म. जोशी गेले होते. जोशांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याचें विधेयक आणलें, तें नामंजूर झालें. नंतर मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं व आपल्या मध्यप्रांतांत १९३० सालीं असे कायदे झाले. सर्व देशासाठीं सर्वसाधारण कायदा होण्यास १९६१ साल उजाडावें लागलें.

करार कागदावर राहून पोटाची निकड वरचढ ठरते याचेंही उदाहरण आमच्याच प्रांतांत आहे. स्त्रियांनीं जमिनीखालील खाणींत काम करूं नये असा आंतरराष्ट्रीय करार १९३५ सालीं झाला व हिंदुस्थाननें तो मान्य केला. परंतु युद्धकाळांत कोळशाची टंचाई पडतांच सरकारनें १९४३ सालीं ती बंदी उठविली. मध्यप्रांतांतील कोळशाच्या खाणी त्यांत होत्या. अखिल भारतीय महिला परिषदेनें याचा निषेध केला, ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न विचारले गेले, आणि १९४६ सालीं बंदी पुन्हां लागू झाली. त्या वेळीं मजूर खातें डॉ. आंबेडकरांकडे होतें, हें इतिहासलेखकानें लपवूं नये. त्याच खात्यानें त्याच काळांत खाणींतील स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याच्या कायद्यांत सुधारणा घडवून आणल्या, हेंही त्यानें विसरूं नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय त्या काळच्या अडचणीचें यथार्थ ज्ञान होत नाहीं.

(६)

वर ज्या अखिल भारतीय महिला परिषदेचा उल्लेख आला तिचें पहिलें अधिवेशन जानेवारी १९२७ मध्यें पुण्यास भरलें. आयर्लंडमध्यें जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकारानें ही संस्था निघाली व बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. स्त्रीशिक्षण, बालविवाहबंदी व मताधिकार या बाबतींत या संस्थेची कामगिरी मोठी आहे. परदेशांत हिंदी स्त्रीचा आवाज म्हणून ऐकूं जाई तो बहुधा हिचाच.

या संस्थेचें अधिवेशन डिसेंबर १९३७ मध्यें नागपुरास झालें. जाईबाई चौधरी व त्यांच्या सहकारी स्त्रिया त्यास गेल्या. भोजनाच्या वेळीं त्यांस इतरांपासून निराळें बसविण्यांत आलें. व्यासपीठावर स्त्रीमात्राच्या ऐक्याची भाषा व पानावर पंक्तिप्रपंच, असा तो देखावा होता. दलित स्त्रियांनीं १ जानेवारी १९३८ रोजीं नागपुरांत मोठी सभा भरवून या वर्तनाचा जाहीर निषेध केला. ही तारीखही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे; भीमा-कोरेगांवच्या लढाईची ती तिथि असल्यामुळें महार समाजांत तिला विशेष अर्थ होता.

माझ्या मतें १९४२ च्या स्वतंत्र परिषदेचा उलगडा या पंक्तींत आहे. ‘सर्व स्त्रियांच्या वतीनें’ बोलणाऱ्या संस्थेच्या घरीं आपलें पान वेगळें मांडलें जातें, हें कळल्यावर या स्त्रियांपुढें दोन मार्ग होते: गप्प बसणें किंवा आपला मांडव आपण घालणें. त्यांनीं दुसरा पत्करला. आणि त्या मांडवांत त्यांनीं जे ठराव केले ते केवळ आपल्या जातीपुरते केले नाहींत. घटस्फोट, एकपत्नीत्व, मजूर स्त्रीची रजा हे प्रश्न सर्वांचेच होते. ज्यांस पंक्तींतून उठविलें त्यांनींच सर्वांच्या पानाची चिंता वाहिली, हा या इतिहासांतील लक्षणीय भाग होय.

ही परंपरा पुढें खंडित झाली नाहीं. चंद्रपूर येथें १९९६ सालीं विकासवंचित दलित महिला परिषद भरली व २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ति दिन म्हणून पाळावा असें तेथें ठरलें. १९२७ सालीं त्याच तारखेस महाड येथें मनुस्मृतीचें दहन झालें होतें. ‘विकासवंचित’ हा शब्द पाहावा. बीजिंगनंतर एकच वर्षानें, तिकडील विकासाचा हिशेब विदर्भांतल्या स्त्रियांनीं आपल्या भाषेंत एका समासांत मांडला.

(७)

शेवटीं साधनांविषयीं. या सर्व इतिहासाचें पहिलें पद्धतशीर संकलन ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनीं ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथांत १९८९ सालीं केलें. त्यांनीं जुनीं नियतकालिकें चाळलीं आणि हयात असलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांस घरोघर जाऊन भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. कांहीं विद्वानांस तोंडी आठवण हें दुय्यम साधन वाटतें. परंतु बखर म्हणजे तरी काय? कोणीतरी सांगितलें व कोणीतरी लिहून घेतलें. फरक इतकाच कीं बखरीचा सांगणारा सरदाराच्या पदरीं असे, व या आठवणींच्या सांगणाऱ्या विडीच्या सुपापुढें बसलेल्या होत्या. परीक्षेचे नियम दोहोंस सारखेच लावावे: तारखेचा मेळ घालावा, दोन साक्षी ताडून पाहाव्या, आणि सांगणाऱ्याचा हेतु ओळखावा. १९४२ च्या परिषदेच्या बाबतींत तर छापील अहवालही निघाला होता, त्यामुळें आठवणी ताडून पाहण्याची सोय आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीं अनेक जण हस्तलिखितांचे संग्राहक आहेत. त्यांच्यापुढें एक सूचना नम्रपणें ठेवितों. गिरण्या आतां बंद पडल्या. एम्प्रेस मिलचा भोंगा २००२ सालानंतर वाजला नाहीं. त्यांचे हजेरीपट, पगारपत्रकें, युनियनच्या पावत्या, जुन्या कन्याशाळांचीं दाखलपुस्तकें, सभांचीं हस्तपत्रकें, छापखान्यांचे पुरावे, वर्गणीच्या वह्या, हीं साधनें अजून इंदोऱ्याच्या, पांचपावलीच्या व कामठीच्या घरांतील पत्र्याच्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. एखाद्या दाखलपुस्तकांत मुलीच्या नांवापुढें ‘शाळा सोडल्याचें कारण’ या सदरांत जे दोन शब्द लिहिलेले असतात, त्यांत एका गांवाचा दुष्काळ किंवा एका घरचें लग्न सामावलेलें असतें. हे कागद मोडींत नाहींत, त्यांवर शिक्का नाहीं, व बाजारांत त्यांस किंमत येत नाहीं. म्हणूनच ते जाण्याची भीति अधिक आहे. सनदेस वारस असतो. दाखलपुस्तकास नसतो, तें काम संग्राहकानेंच पत्करिलें पाहिजे.

भोसल्यांचीं पत्रें जमविणाऱ्यांनीं या वह्याही जमवाव्या, त्यांच्या याद्या कराव्या व त्या या त्रैमासिकाकडे धाडाव्या. राज्य कोणी केलें हें पहिल्यांवरून समजेल. राज्यांत राबलें कोण आणि त्यांनीं काय मागितलें, हें दुसऱ्यांवांचून समजणार नाहीं.

हुडकेश्वर (नागपूर)